प्रकाश आढळला नाही

प्रकाश-साधन तपासणी कार्यालय जळून खाक झाले. परंतु असे काही घडलेले नाही. संबंधित खातेही तसेच धरून चालले आहे, तेव्हा वाचकांनी पहिले वाक्य विसरून पुढे यावे.

माझ्या दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, एक छंद आहे. मेलेल्या प्रोजेक्टरच्या पोटातून ते लेझर डायोड काढतात. हा डायोड शर्टाच्या बटणाहून लहान असतो आणि त्यातून निघणारा निळा किरण लाकूड जाळतो. दाजींनी तो अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसवला, मागे चिमुकला पंखा लावला, पुढे भिंग लावले आणि घरातल्या लाकडी वस्तूंवर कोरीवकाम सुरू केले. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी सुबक अक्षरांत ‘खुर्ची’ असे कोरले. दारावर ‘दार’ कोरले. ताईचे म्हणणे असे की यंत्राला डोकं आहे, माणसाला सुचत काही नाही.

“अहो, निदान माझं नाव तरी कोरायचं.”

“कोरतो ना. कशावर कोरू? तू लाकडाची कुठेस?”

या उत्तरानंतर ताईने अट घातली. “असलं यंत्र घरात ठेवायला दाखला लागतो म्हणे. दाखला आणा, बाल्कनी तुमची. नाही आणलात तर हे धूड भंगारात.” दाजींनी त्या धुडापायी वर्षाच्या सगळ्या रजा संपवल्या होत्या. आजारी पडायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती. शहरात असे छांदिष्ट पुष्कळ आहेत. परंतु नियम वाचून तो पाळायला निघणारे दाजी पहिलेच. सोबत मी गेलो, कारण पिशवी जड होती आणि मेहुणा फुकट होता.

कार्यालय म्हणजे एक लांबलचक दालन होते आणि मध्ये प्लायवूडचे आडोसे घालून त्याच्या खोल्या केल्या होत्या. किरण अडवायला दाजींनी घरून भट्टीची वीट आणली होती. ती दारावरच काढून घेतली.

“बाहेरचं बांधकाम साहित्य आत नेता येत नाही,” पहारेकरी म्हणाला.

“अहो, ही सुरक्षेसाठी आहे.”

“सुरक्षेसाठी मी आहे.”

त्यामुळे यंत्राचे तोंड आडोशाकडे करावे लागले. तपासनिसांनी कपाटातून नारिंगी संरक्षक चष्मे काढले. कोणी तपासणीला येण्याच्या आधीच ते भरपूर विकत घेऊन ठेवलेले होते, यातून खात्याची दूरदृष्टी दिसून येते. सगळ्यांनी चष्मे चढवले.

“करा चालू.”

“चालू आहे, साहेब.”

“मग दिसत का नाही?”

“चष्म्यामुळे. हा चष्मा निळा प्रकाश अडवतो. म्हणून तर डोळे वाचतात.”

“बरं. आणि चष्मा काढून पाहिलं तर?”

“मग डोळे जायची भीती. नंतर काहीच दिसणार नाही.”

तपासनिसांनी शांतपणे पेनाचे टोपण काढले. “म्हणजे चष्मा घालून दिसत नाही आणि काढूनही दिसत नाही. लिहितो: प्रकाश आढळला नाही.”

दाजींनी सुचवले की मोबाइलने फोटो काढून बघावे. तपासनिसांना ही कल्पना आवडली. मात्र मोबाइललाही डोळा असतो, या न्यायाने त्यांनी एक चष्मा मोबाइलला घातला. फोटोतही प्रकाश आढळला नाही.

“ठीक आहे साहेब,” दाजी म्हणाले, “मग मी बंद करतो.”

“हात लावू नका! तपासणी संपेपर्यंत साधन आहे त्या स्थितीत ठेवायचं.”

“मग संपवा तपासणी.”

“प्रकाश-साधनात प्रकाशच आढळला नाही तर प्रकरण वरिष्ठांकडे जातं. आणि मला सांगा, तुम्ही बंद काय करणार? जे चालू आहे असं आम्हाला आढळलेलंच नाही, ते?”

दाजींनी माझ्याकडे पाहिले. मी आडोशाकडे पाहिले. तिथे मोहरीएवढे भोक पडले होते आणि धुराची बारीक शेंडी वर चढत होती.

“साहेब, धूर.”

“धूर आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे फक्त प्रकाश.”

वरिष्ठ आले तोवर भोक डोकावण्याइतके झाले होते. वरिष्ठांनी चष्मा घातला, मान तिरकी करून यंत्राची चारी बाजूंनी पाहणी केली आणि तपासनिसांशी ते पूर्ण सहमत झाले. भोकाबाबत त्यांनी शेरा मारला की ते मुळातच हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेले असावे. दाजी हात जोडून म्हणाले, “साहेब, पलीकडे माणसं बसतात हो. कुणाच्या डोळ्यात गेलं तर?” वरिष्ठांनी याची तातडीने दखल घेतली. न आढळलेल्या प्रकाशापासून बचाव व्हावा म्हणून पलीकडच्या खोलीतही सर्वांना चष्मे देण्यात आले.

पलीकडे तक्रार निवारण कक्ष होता. तिथे अशी सोय होती की बाहेर खिडकीशी कोणी तक्रारदार आला, त्याने बटण दाबले, की आत टेबलावर निळा दिवा लागायचा. चष्मे आल्यापासून दिवा लागलेला कोणाला दिसला नाही. बाहेर रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत गेली आणि आत तक्रारी शून्यावर आल्या. खात्याच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते. वरिष्ठांचा फुलांचा गुच्छ देऊन गौरव झाला. त्यांनी भाषणात श्रेय चष्म्याला दिले आणि मग कोणीच तो काढेना. घरी जातानाही काढेना. साहेब घालतात म्हटल्यावर शिपायाने घातला, शिपायाने घातला म्हटल्यावर पहारेकऱ्याने. शहरातल्या तरुणांना फॅशन कळायला वेळ लागत नाही. लग्नाच्या फोटोंत नवरा-नवरी दोघेही नारिंगी डोळ्यांनी एकमेकांकडे बघू लागले.

दाजी मात्र रोज ऑफिसला बिनपगारी दांडी मारून तिथे जात आणि हात मागे बांधून यंत्राजवळ उभे राहत. “तापलंय रे फार,” मला म्हणायचे, “पंख्याचा आवाज बदललाय. पोरगं तापाने फणफणावं आणि डॉक्टरने हात लावू देऊ नये, तसं झालंय.” ताईने एकदा फोन केला. “दाखल्याचं काय झालं?” दाजी म्हणाले, “चालू आहे.” हे त्या इमारतीत त्या यंत्राविषयी उच्चारले गेलेले, आणि कोणीही नोंदवून न घेतलेले, खरे वाक्य होते.

शेवटी किरण पलीकडच्या कपाटात पोचला. कपाट लाकडी आणि आतले कागद वाळलेले, तेव्हा जे व्हायचे ते झाले. येथे एक शास्त्रीय बाब नमूद करणे आवश्यक आहे. नारिंगी चष्म्यातून भिंत नारिंगी दिसते, टेबल नारिंगी दिसते, वरिष्ठही नारिंगी दिसतात. त्यामुळे ज्वाळा नारिंगी दिसल्या यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

“आग! अहो, आग लागलीय!” दाजी ओरडले.

“कुठे?” तपासनिसांनी सगळीकडे नजर फिरवली. “नेहमीसारखंच तर आहे.”

“आज जरा उकडतंय पण,” कोणीतरी म्हणाले.

“पंखे वाढवा,” वरिष्ठ म्हणाले.

पंखे वाढवले. दाजी यंत्र उचलायला धावले, तर दोघांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढले. शासकीय कामात अडथळा आणल्याबद्दल समजही दिली. बाकी मंडळी कामाची वेळ संपल्यावर ओळीने बाहेर पडली. शेवटच्याने दाराला कुलूप लावले. तेव्हा दार शिल्लक होते.

दुसऱ्या दिवशी कार्यालय त्याच जागी वेळेवर भरले. छप्पर नसल्याने उजेड चांगला येतो, असे सर्वांचे मत पडले. दाजी राखेतून वाट काढत तपासनिसांसमोर उभे राहिले.

“साहेब, मला दाखला नको. माझं यंत्र तेवढं द्या.”

“ते तपासणीत आहे.”

“ते जळालं, साहेब.”

“कशाने?”

“त्याच्याच प्रकाशाने.”

“प्रकाश आढळला नाही, असा शेरा आहे ना? मग जळेल कसं?” तपासनिसांनी आपुलकीने दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. “घरी जा. जपून ठेवलंय आम्ही.”

दाजी घरी आले. बाल्कनीत ताईने कपड्यांची दोरी बांधली होती.  दाजी ‘खुर्ची’वर बसून राहिले. पुढच्याच आठवड्यात जनजागृती मोहिमेत घरोघरी चष्मे वाटले गेले. ताईने दोन घेतले. दाजींनी त्यातला एक मुकाट्याने घातला, पेटलेल्या शहराकडे, म्हणजे नेहमीच्याच शहराकडे, पाहिले आणि म्हणाले, “चला, डोळ्यांना बरं वाटतंय.”

आपण म्हणाल, आम्ही तिथे असतो तर चष्मा काढला असता. अवश्य. फक्त समोरच्या इमारतीतून परवा धूर आला, तेव्हा आपण उठून खिडकी लावून घेतलीत आणि पुन्हा येऊन बसलात, एवढे आठवावे. त्या वेळी आपल्या नाकावर कोणताही चष्मा नव्हता. धूर कोणाच्या तरी घराचा होता, आणि तो आमच्याकडे येत नाही, असेच आपणही म्हणालात.

सबब, सर्व संबंधितांस नम्र विनंती करण्यात येते की, आपल्या सोयीच्या कोणत्याही दिवशी, कार्यालयीन वेळेत, चष्मा काढून व डोळे उघडे ठेवून, सदर जागेवर समक्ष यावे. तेथे जे दिसेल ते दिसले असे स्वतःच्या सहीने लिहून द्यावे. आणि अर्जदाराचे यंत्र राखेच्या स्वरूपात का होईना, ते चालू होते या नोंदीसह, अर्जदारास परत करावे. कळावे.