देवऱ्यांचा अमेरिकेतला पितर

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले देवरे दर सर्वपित्रीला एका अमेरिकन माणसाला जेवू घालतात. तो मरून सव्वाशे वर्षं उलटून गेली. ना नात्याचा, ना गोत्याचा.

देवरे मूळ सटाण्याचे, रंगात आले की अहिराणीत शिरतात. लग्न केलं नाही. गणित शिकवून निवृत्त झाले आणि बुद्धिबळाचा पट घेऊन नाशकात आले. दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळतात. खेळतात कसले, त्या अमेरिकनाचे जुने डाव मांडतात. सगळे पाठ.

"वहिनी, बारा वर्षांचा होता तेव्हा भल्याभल्यांना हरवलं. पुढं आठ जण बसवले आठ पटांवर. हा भिंतीकडे तोंड करून खेळला. पोर शे का देव शे!"

मी चौथी शिकलेली. मला डोक्यावरचा चष्मा सापडत नाही. आठ पट डोक्यात ठेवणाऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडले, खोटं कशाला सांगू.

पुढचं ऐकून मात्र राग आला. पोरगा विलायतेला गेला, तिथल्या नावाजलेल्या खेळाडूशी खेळायला. तो इंग्रज आज-उद्या करत राहिला, समोर बसलाच नाही. पोरगा घरी परतला आणि पुढं खेळच सोडला. वकिली चालली नाही, डोकं फिरलं, पन्नाशीच्या आत गेला. ना बायको, ना पोर.

"मग त्याला पाणी कोण देणार?" असं देवऱ्यांचं म्हणणं. पहिल्या वर्षी रामकुंडावर गेले. गुरुजींनी गोत्र विचारलं. हे म्हणाले, "अमेरिका." तेव्हापासून गच्चीवरच पान ठेवतात.

यंदा कावळा शिवेना. दुपारचे दोन वाजले. देवरे उपाशी, कठड्याशी हात जोडून उभे.

"राजा, तुझा एक डाव विसरणार नाही."

कावळा टाकीवर बसून बघत होता.

"दुसऱ्या कुणाशी खेळणार नाही."

कावळ्यानं मान फिरवली.

"अहो, त्याचा जीव त्या इंग्रजात अडकलाय," मी म्हटलं.

"इंग्रज कुठून आणू, वहिनी?"

"मी होते इंग्रज. चाली शिकवा, संध्याकाळी बसते."

कावळा खाली आला, वडा उचलून गेला. भूक लागली असेल.

संध्याकाळी घोडा कसा चालतो ते शिकण्यातच तास गेला. मग देवऱ्यांनी पांढरं प्यादं सरकवलं, मी काळं. ते त्या काळ्या प्याद्याकडे बघतच राहिले.

"चुकलं का?"

"नाही वहिनी. समोरून कुणी चाल केली, त्याला फार वर्षं झाली."

एवढ्याशा चालीला उत्तर द्यायला त्यांनी पाऊण तास लावला. मीही उठले नाही.