हेडक्लार्क गायब

"गुन्हा कितीही खोल दडलेला असो, माझी नजर पडली की तो स्वतःहून हात वर करून बाहेर येतो. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या साठलेली बुद्धी अखेर कोणाच्या तरी डोक्यात उतरायची होती. ती माझ्याच डोक्यात उतरली, याला माझा इलाज नाही."

असं भिंग स्वतःबद्दल म्हणत असे, आणि ऐकायला कोणी नसलं तर जिन्याला ऐकवत असे. कला महाविद्यालयात तो चित्रकला शिकत होता, म्हणजे त्याचं नाव तिथे घातलेलं होतं. गळ्यात दोरीला भिंग अडकवून फिरायचा, म्हणून लोक त्याला भिंगच म्हणायचे. आजवर त्याने एकही गुन्हा उकलला नव्हता. नसलेले काही उभे मात्र केले होते.

त्याची मावसबहीण काडी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर व्हिडिओ गेम बनवायला शिकत होती. अंगाने बारीक, म्हणून काडी. भिंगाची मदतनीस हे पद तिने कधी मागितलं नव्हतं. "तुझ्या दादावर जरा लक्ष ठेव गं," असं म्हणून मावशीने ते तिच्या गळ्यात मारलं होतं.

मागच्या वर्षी काडी गेमच्या परीक्षेत आपटली होती. "यंदा नापास झालीस तर गुंडाळ तो गेमबिम आणि काकाच्या दुकानात बस," असं बाबांनी बजावलं होतं, आणि बाबा बोलले की करतात. तिचा गेम साधाच होता. एका हेडक्लार्कला संध्याकाळी ऑफिसातून घरी जायचं असतं, आणि जो तो आणखी एक फाइल पुढे करून त्याला अडवत असतो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी तिने गेम सुरू केला. ऑफिस आलं, टेबलं आली, पंखा फिरायला लागला. हेडक्लार्क नव्हता. कुठूनतरी "आई गंऽऽ" अशी आरोळी तेवढी आली आणि विरून गेली.

नेमका तेव्हाच भिंग आत आला.

"अपहरण," पडद्याकडे एकदाच बघून तो म्हणाला.

"दादा, प्लीज. परीक्षक येतायत आत्ता."

"आरोळी ऐकलीस? बळी जिवंत आहे. आणि दार बंद आहे. याचा अर्थ?"

"ते दार चित्रातलं आहे. ते उघडतच नाही."

"म्हणजे काम आतल्याच माणसाचं!" त्याने पडद्याला भिंग लावलं. गेममधल्या कोपऱ्यात स्टुलावर एक शिपाई बसला होता. भिंगाने त्याच्यावर क्लिक केलं. शिपायाच्या डोक्यावर अक्षरं उमटली : साहेब मीटिंगमध्ये आहेत.

त्याने पुन्हा क्लिक केलं. साहेब मीटिंगमध्ये आहेत.

"बघितलंस? कान्यामात्रेचाही फरक नाही. साक्षीदार पढवलेला आहे!"

"मीच पढवलाय! त्याला तेवढं एकच वाक्य दिलंय मी."

भिंग सावकाश तिच्याकडे वळला. "तू? काडी, मला वाईट वाटतं. पण कायद्यापुढे बहीण काय आणि मेव्हणा काय..."

"तुझं लग्न झालंय का? मेव्हणा कुठून आला?"

याच्या डोक्यात शेण भरलंय असं म्हणावं, तर शेणाचा काहीतरी उपयोग होतो, असं काडीच्या मनात आलं. एव्हाना भिंग कीबोर्डवर ओणवा झाला होता. फटीतला चुरा त्याने बोटाने टिपून जिभेवर ठेवला.

"क्रीमचं बिस्कीट. गुन्हेगार भुकेला होता आणि घाईत होता."

"काल इथे बसून तूच खात होतास."

"म्हणजे तो मला अडकवू बघतोय," भिंग शांतपणे म्हणाला.

पलीकडच्या टेबलावर उजेडबाई काम करत होती. वर्गात पहिला नंबर तिचा. गेममधला एक दिवा लावायला ती अख्खी दुपार घालवायची, त्यावरून तिला हे नाव पडलं होतं. भिंगाने तिच्याकडे बोट केलं. "मत्सर! दुसऱ्याचा हेडक्लार्क डोळ्यांत खुपला, आणि तुम्ही..."

उजेडबाईने त्याला पुरतं बोलू दिलं. "झालं? मी हेडक्लार्क नेऊन काय करू? माझ्या गेममध्ये पाणबुडी आहे."

"बुडवलात ना त्याला?"

"सरक," ती म्हणाली. "काडी, पुन्हा सुरू कर. ती आरोळी नीट ऐक. लांब लांब जातेय."

उजेडबाईने माउसने दृश्य खाली सरकवलं. ऑफिस वर गेलं, फरशी वर गेली. खाली नुसती निळी पोकळी होती, आणि तिच्यात हेडक्लार्क काखेत फाइल धरून, पाय चालवत, खाली खाली चालला होता.

"पडतोय तो," उजेडबाई म्हणाली. "फरशीतून. फरशीला हात कोणी लावला?"

गेममध्ये फरशी नुसती चितारून भागत नाही. ती टणक आहे, हे एका चौकोनात खूण करून कॉम्प्युटरला वेगळं सांगावं लागतं. नाहीतर फरशी दिसते छान, आणि माणूस जातो आरपार.

भिंग आपलं भिंग पुसायला लागला. "आधीची फार कळकट होती," तो म्हणाला. "काल तू चहाला गेलीस ना, तेव्हा मी संगमरवरी टाकली. म्हटलं, बहिणीची परीक्षा आहे..."

"आणि टणक?"

"दिसतेय की टणक!"

असं भिंगाचं बिंग फुटलं. पायाखालची जमीन सरकणे या वाक्प्रचाराचा शाळेत सगळेच वाक्यात उपयोग करून दाखवतात. या महाभागाने तो एका निरपराध हेडक्लार्कवर करून दाखवला होता.

"जुनी फरशी कुठाय?" काडीने दात आवळून विचारलं.

"पुसली. कळकट होती म्हणालो ना."

काडीने कपाळावर हात मारला. गेममधली रेघन् रेघ विद्यार्थ्याच्याच हातची हवी, दुसऱ्याचा हात लागलेला कळला की काम बाद, असा नियम होता. नवी फरशी काढायला वेळ नव्हता. तिने चौकोनात खूण केली आणि दारात परीक्षक उभे राहिले.

ते मख्ख चेहऱ्याने खेळले. हेडक्लार्क उभा राहिला, चालला, फायलींत अडकला. परीक्षक "हं" म्हणाले. मग एकदम पडद्याकडे वाकले.

"ही फरशी! काय शिरा काढल्यात संगमरवराच्या! कोणाचं काम हे?"

काडीला खोटं बोलता येत नसे. उजेडबाई छताकडे बघायला लागली. भिंगाची छाती फुगली. त्याच्या कुठल्याच कामाला आजवर कोणी 'वा' म्हटलं नव्हतं, घरच्यांनीसुद्धा नाही. त्याने तोंड उघडलं, आणि काडीने मनातल्या मनात काकाच्या दुकानाचं शटर वर केलं.

भिंगाने तिच्याकडे पाहिलं. तोंड मिटलं. मग पडद्याशी वाकून त्याने ती फरशी भिंगातून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली.

"सांगणं कठीण आहे, सर," तो म्हणाला. "पुरावा अपुरा आहे. तपास चालू आहे."

परीक्षकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघत मान हलवली. "पास," ते काडीला म्हणाले. "पण हा कोण?"

"माझा दादा," काडी म्हणाली, आणि हे सांगायची तिला पहिल्यांदाच लाज वाटली नाही.