गाडीले आग्रह

आमच्या शेजारचे दिगांबरकाका रोज सकाळी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवतात अन् हळूच इचारतात, "भूक हाय का व?"

गाडी म्हंजे छोटीशीच, टर्बोवाली पेट्रोल. काका तिले सूनबाई म्हनतात. काका पोस्टातून रिटायर झाले, पन अमरावतीत त्याईची खरी ओळख पंगतीतली. लग्न कोनाचंही असो, काका वाढप्याईच्या मागं उभे. त्याईचा कायदा एकच: "आग्रह करा, जबरदस्ती नाई. जबरदस्तीचं जेवन पोटात राहत नाई."

मी त्याईची नक्कल करतो, अन् कॉलनीत तिले मागनी हाय. एकदा पानठेल्यावर काका वरन कसे वाढतात ते करून दाखवत होतो, तर मागून आवाज आला, "हात खाली घे बे. लोकाईच्या डोक्यावर सांडशीन." काकाच होते.

तर झालं असं. काका अन् इंदूकाकू तेल्हाऱ्याले निघाले, काकूच्या माहेरी. दर्यापूरच्या पुढं कापसाचा ट्रक लागला. काकानं त्याले मागं टाकाले पाय दाबला, तर गाडी इचार करत बसली. टर्बो जागा होईपर्यंत समोरून दुसरा ट्रक. कसेबसे मागं सरकले. काकूनं तेल्हाऱ्यापर्यंत दाराचं हँडल सोडलं नाई. उतरल्यावर म्हनाल्या, "यापुढं मी एस्टीनं येईन."

अन् खरंच एस्टीनं जाऊ लागल्या. काका रिकाम्या सीटवर पान्याची बाटली ठेवत अन् तिले पट्टा लावत.

दोष मात्र त्याईनं गाडीले दिला. "टर्बो म्हंजे जावई हाय. तीन हाका मारा, तवा पाटावर येते. तवर वरन थंड."

मंग मले घेऊन अश्फाकभाईच्या गॅरेजात. हा मानूस लॅपटॉप जोडून गाडीची ताकद वाढवते.

"काका, पस्तीस घोडे जास्तीचे काढून देतो," तो म्हने.

"बांधशीन कुठी? गोठा तेवढाच हाय. पंधरा दे."

"पंधरा तर तुमाले समजनार बी नाई."

"मले नाई समजले तरी चालते. पिस्टनले समजू नये."

पन लॅपटॉपले हात लावू देतीन तवा ना. आधी ब्रेक नवे, टायर नवे. "पंगतीत पह्यले पानी ठेवतात. ब्रेक म्हंजे पानी. ठसका लागल्यावर आनाले धावशीन काय?" मंग क्लच तपासला, प्लग बदलले, ऑईल चांगलं टाकलं. हवा थंड करनारी जाळी मोठी बसवली, काहून का "गरम रोडगे दोन जातात, निवले का चार." हवा म्हंजे रोडगे, पेट्रोल म्हंजे वरन. रोडगे वाढले अन् वरन कमी पडलं, का इंजिनच्या पोटात आग. विमावाल्यालेही फोन लावला, "सूनबाईचं वजन जरासं वाढलं, लिहून घ्या." त्यानं दोनदा इचारलं, कोन्या सूनबाईचं.

अश्फाकभाई घाम पुसत म्हने, "काका, गाडी हाय का लगीन?"

गाडी तयार झाली. काका म्हनाले, "चाल, दाखवतो." पुढच्या सीटवर बाटली, म्हनून मी मागं बसलो. दर्यापूरच्या मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला, अन् जावई पह्यल्याच हाकेत पाटावर. मी खूश. तेवढ्यात पुढं तेल्हाऱ्याची एस्टी दिसली, अन् काका तिच्या मागं जाऊन चिपकले.

"काका, टाका ना मागं."

"राहू दे."

"मंग पंधरा घोडे काय शोभेले आनले?"

मंग मले एस्टीच्या मागच्या काचात ओळखीचा अंबाडा दिसला. इंदूकाकूचा.

"काका, तुमी दरवेळी असेच मागं येता?"

"एस्टीचा काय भरोसा? बंद पडली तर तिले जवळ गाडी नको?" मंग म्हनाले, "अन् याची नक्कल नको करू."

अकोटले एस्टी थांबली. काकू उतरल्या अन् थेट गाडीपाशी आल्या. "तू मागंच बस रे," मले म्हनाल्या. बाटलीचा पट्टा काढला, बाटली माह्याकडं देल्ली अन् पुढं बसल्या.

"काहून व, काय झालं?" काका घाबरले.

"कंबर गेली माही. तुमची गाडी दिसते म्हनून दरवेळी मागचीच सीट धरा लागते. लय दनके बसतात तिथं."

काकानं आरसा नीट केला. नीटच होता.

अकोटच्या बाहेर कापसाचं ट्रॅक्टर लागलं. समोरचा रस्ता साफ मोकळा. काका मागंच, बैलगाडीच्या चालीनं.

काकूनं थोडी वाट पाह्यली. मंग म्हनाल्या, "काहून थांबले? आग्रह करू काय?"

"राहू दे व," काका म्हनाले. "आत्ताच तर पंगत बसली."