झोतात अर्धा तास

"अर्ध्या तासात हजार माणसं जमवून दाखवते," असं नेवेंकाने तिहोमिर सरांना तोंडावर सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तिला आठवलं, आपल्या मागच्या व्हिडिओला सदतीस जण होते. त्यातले दोघे घरचे.

झालं होतं असं. नोवी साद शहरातल्या विज्ञान मेळ्याचं उद्घाटनाचं व्याख्यान यंदा तिच्या संस्थेकडे आलं होतं. विषय, घरातली हवा खेळती कशी राहते. त्यावर आठ वर्षं राबली नेवेंका, आणि बोलायला उभा राहणार होता तिचा सहकारी रास्तको, ज्याने तिच्या एका शोधनिबंधाचं शुद्धलेखन तपासलं होतं. बाईच्या तोंडून वाऱ्याचं गणित ऐकायला कोण येतंय, असं संचालक तिहोमिर सरांचं म्हणणं. नेवेंकाने हजार माणसांची पैज लावली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, जमव, मग व्याख्यान तुझं.

तिने विषयही तसाच जालीम निवडला. तिच्या मुलखात माणसं सरकारला भीत नाहीत, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या दिसल्या की धट्टाकट्टा गडीसुद्धा मान झाकून पळतो. आरपार वाहणाऱ्या वाऱ्याच्या त्या झोताने मान आखडते, तोंड वाकडं होतं, प्रसंगी माणूस दगावतो, हे तिथल्या मुलांना चालता येण्याआधी कळतं. नेवेंकाने भर दुपारी प्रयोगशाळेत डोक्यावरून पाणी घेतलं, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, मधोमध खुर्ची टाकली आणि मोबाइलवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. धुराची कांडी पेटवून ती हवा कुठून शिरते नि कुठून निघते ते समजावू लागली.

ऐकतंय कोण! खाली गावोगावच्या आज्यांच्या प्रतिक्रियांचा पाऊस पडत होता तो केसांवरून. पोरी, आधी डोकं पूस. तुला आई नाही का? एका बाईंनी तर तिच्या नावाने चर्चमध्ये मेणबत्ती लावून त्या मेणबत्तीचा फोटोही धाडला. दहा मिनिटांत बघणाऱ्यांचा आकडा दोनशे दहावर जाऊन अडला.

आई होती. कोसाराबाई गावाकडे बसून हे सगळं बघत होत्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. लेकीला फोन लागेना, कारण तिने प्रक्षेपणापुरते येणारे कॉल बंद करून ठेवले होते. मग त्यांनी थेट संचालकांनाच गाठलं. साहेब, तुमच्या छपराखाली माझी लेक मरतेय, म्हणाल्या.

तिहोमिर सरांनी चाळीस वर्षं हवेचं भौतिकशास्त्र शिकवलं होतं. त्यांचं पाठ्यपुस्तक देशभर चालत होतं. पण ते ऐकताच तीन मजले धावत चढले, दोन्ही खिडक्या धाडधाड लावल्या आणि स्वतःचा मफलर काढून नेवेंकाच्या डोक्याला गुंडाळला.

"अक्कल गहाण टाकलीस का? ओले केस, आणि त्यात झोत?"

"सर, हे तुमच्या पुस्तकात कितव्या पानावर आहे?"

"पुस्तक परीक्षेसाठी असतं गं! मान आखडली तर काय पुस्तक बांधणार आहेस तिथं?" सरांना धाप लागली होती, त्यामुळे मनातलंही बाहेर पडलं. "आणि त्या हजारांचा नाद सोड. व्याख्यान रास्तकोच देणार, कार्यक्रमाच्या पत्रिका परवाच छापून आल्यात. तुझं मन मोडू नये म्हणून हो म्हटलं."

नेवेंकाचे डोळे भरून आले. तिने डोळ्यांवर आलेला मफलर वर सारला आणि अजून चालूच असलेल्या मोबाइलकडे बोट दाखवलं. सर आत शिरल्यापासून आकडा नऊ हजारांवर गेला होता.

आता आज्या उलटल्या. खिडकी लावलीत ते उत्तम केलंत, पण व्याख्यान पोरीचंच, असं त्यांनी सरांना ठणकावलं. निश शहरातल्या एका मृदाशास्त्रज्ञ बाईने उघड्या खिडकीत ओल्या केसांनी फोटो काढला आणि खाली लिहिलं, माझ्या कामावर कोणत्या साहेबांनी भाषण ठोकलं ते. बघता बघता असे चारशे फोटो झाले. दोन दिवसांत पत्रिका नव्याने छापून आल्या आणि तिहोमिर सरांना त्या स्वतः वाटाव्या लागल्या.

सभागृह सहाशेंचं, आले नऊशे, निम्म्याहून जास्त आज्या. पडद्यावर आठ वर्षांच्या कामाखाली पहिल्यांदा आलेलं आपलं एकटीचं नाव नेवेंकाने दोनदा वाचलं. मग ती अशी बोलली की खोकायचं लोक विसरले. शेवटी तिने साऱ्या खिडक्या उघडायला लावल्या. नऊशे जणांनी श्वास रोखला. वारा आला, सगळ्यांच्या मानेवरून फिरला आणि कोणालाही काही झालं नाही. टाळ्या थांबेनात.

तिसऱ्या रांगेतल्या एक आजी उठल्या. "पटलं गं बाई. झोताने काही होत नाही. आता एवढंच सांग, आत जागा नव्हती म्हणून माझी नात बाहेर दगडी पायरीवर बसलीय. तेही चालतं ना?"

"गार दगडावर? खाली काही न घेता?" नेवेंका माइकमध्ये ओरडली. "आधी उठवा तिला! गर्भाशय गारठेल पोरीचं!"

तिने जीभ चावली, पण उशीर झाला होता. अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. व्याख्यानाला पडल्या त्याच्या दुप्पट टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांत जोरात वाजवत होते तिहोमिर सर.