तळाचा थर

प्रणालीच्या कॉलेजचे पर्याय ऑनलाइन भरायची शेवटची तारीख आली आणि नेमकी त्याच दिवशी ती तापाने फणफणली. मग ते काम तिच्या बाबांवर, म्हणजे रामाकोन्याच्या केशवरावांवर येऊन पडलं. प्रणालीला शिकायचं होतं भोपाळला. ते नाही तर छिंदवाडा, आणि दोन्हीकडे डाळ शिजली नाही तर हाताशी असावं म्हणून घराजवळचं सौंसर. अंथरुणातूनच तिनं बाबांकडून तिन्ही नावं पाठ करून घेतली आणि नीट क्रमाने लावायला बजावलं.

"पोरी, संत्र्याच्या पेट्या लावता लावता हयात गेली माही," केशवराव म्हणाले. तिथेच माशी शिंकली.

सौंसरला बसमधून उतरून जाताना वाटेत त्यांचं जुनं कॉलेज लागलं. गेटपाशी पाय आपोआप थांबले. इथेच त्यांच्या सायकलची चेन हमखास पडायची. ती चढवून काळे झालेले हात ते पांढऱ्या पायजम्याला पुसायचे आणि पहिला तास बुडाल्याचं दुःख कडुनिंबाखाली बसून विसरायचे. काय दिवस होते ते! त्याच भरल्या मनाने ते ऑनलाइनचं दुकान चालवणाऱ्या वीरेंद्रकडे पोचले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"काका, आधी कोणतं टाकू?" वीरेंद्रनं विचारलं.

पेटी भरणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही. बारका माल तळाला, मधला मध्ये आणि भारी फळ सगळ्यात शेवटी, वर. व्यापाऱ्यानं झाकण उघडलं की तेच नजरेत भरलं पाहिजे. केशवरावांनी आधी सौंसर सांगितलं, मग छिंदवाडा, आणि शेवटी डोक्यावरची टोपी सारखी करून भोपाळ. वीरेंद्रला नवल वाटलं, पण मागून लोक ढकलत होते. त्यानं बटण दाबलं.

यादी लागली आणि मोबाइलवर सौंसरचं नाव आलं. केशवरावांनी अर्ध्या रामाकोन्यात पेढे वाटले. तळाचा थर लागला, आता वरचे लागायचे राहिले, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. ऐकणाऱ्यांनीही पेढा तोंडात असल्यामुळे माना डोलावल्या. घरी आले तर प्रणाली भिंतीकडे तोंड करून रडत होती. पहिल्या पसंतीचं मिळालं की पुढची नावं कोणी बघतसुद्धा नाही, हे तिनं हुंदक्यांमधून सांगितलं. केशवरावांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

वीरेंद्रला विचारल्यावर एकच वाट निघाली. सौंसरची फी भरायची नाही, जागा जाऊ द्यायची आणि दुसऱ्या फेरीत नव्यानं नावं टाकायची. पण तोवर भोपाळच्या जागा थोड्याच उरणार, आणि सोडलेलं सौंसर परत मिळेल याचाही भरवसा नाही. दोन्ही गेली तर पोरगी वर्षभर घरी. केशवरावांची छाती होईना. आपल्यालाही नागपूरला शिकायचं होतं, जमलं नाही, सौंसरला शिकून काय वाईट झालं, असं ते तिला समजावू लागले.

प्रणालीची आई जयवंताबाई पलीकडे तांदूळ निवडत बसल्या होत्या. "माह्या बाबानंही पेटीच भरली होती," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"कोणती पेटी?"

"तीन पोरं पाहाची होती माह्यासाठी. मोहगावात आमचीही संत्रीच. बाबा म्हणे, साधं आधी पाहू, भारी शेवटी. पहिले तुमच्या घरी आले, अन् वरचे दोन पाहाचे राहूनच गेले."

आपण पहिल्या नंबरचे, असं केशवरावांना इतकी वर्षं वाटत होतं. ते खोटंही नव्हतं, फक्त नंबर पेटीतला होता.

"पोरीले वरचा थर पाहू द्या," जयवंताबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

या खेपेला नावं प्रणालीनं स्वतः भरली, भोपाळ सगळ्यात आधी. मधले दिवस केशवराव देवाला आणि मोबाइलला सारख्याच भक्तीनं हात जोडत होते. अखेर भोपाळ लागलं. पेढे त्यांनी प्रणालीची परवानगी घेऊन आणले.

तिला गाडीत बसवून दोघं सौंसरच्या स्टँडवर उभे राहिले. गाडी दिसेनाशी झाली. जयवंताबाईंनी समोरच्या टपरीवरची भजी केशवरावांच्या हातात दिली. ती संपल्यावर केशवरावांनी मनात सलत होतं तेच विचारलं.

"वरच्या थरात कोण होतं?"

"पांढुर्ण्याचा एक होता. नोकरीवाला. मोटरसायकल होती त्याच्यापाशी."

"मंग तुह्या बाबानं तो पाहिला काहून नाही?"

"बाबा निघालेच होते. मीनंच नाही म्हटलं." जयवंताबाई गाडी गेली त्या रस्त्याकडे बघत होत्या. "बाजाराच्या दिवशी तुम्हाले कॉलेजच्या गेटपाशी पाहिलं होतं. चेन चढवली अन् काळे हात पायजम्याले पुसले. मले वाटलं, या माणसाचे कपडे कोण धूत असन."

केशवराव आत्ताही भज्यांचे तेलकट हात पायजम्यालाच पुसत होते. ते क्षणभर थांबले. मग त्यांनी पुन्हा पुसले.