शेगावहून परत

जाण्याच्या आदल्या दिवशी निगोरानं आपला कूलर शेजारच्या नत्थुजींना देऊन टाकला. मे महिन्यातल्या अकोल्यात कूलर देणं म्हणजे साधं दान नव्हे. पण तो ताश्कंदला नेणार कसा? कापसावरचं तिचं वर्षभराचं शिक्षण संपलं होतं. बुधवारी दुपारची गाडी, गुरुवारी मुंबईहून विमान. सायकल वर्गातल्या सबीहाला गेली, गादी भांडी घासणाऱ्या कौशल्याला, आणि उरलेलं तिखट-मीठ घरमालकीण केशरबाईंच्या डब्यांत.

नत्थुजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गृहस्थ. वर्षभरात ते निगोराशी दोनदा बोलले होते, दोन्ही वेळा गेट लावायला सांगण्यासाठी. कूलर पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी किती लागते याले?"

स्टेशनवर केशरबाईंनी तिची ओटी भरली आणि पदर डोळ्यांना लावला. त्यांचे यजमान शेषराव पाठ फिरवून, कधीच न वाचलेलं गाड्यांचं वेळापत्रक वरपासून खालपर्यंत वाचत उभे राहिले. गाडी सुटली तेव्हा निगोराही रडत होती. समोरच्या बाईनं तिला पाणी दिलं.

शेगाव यायच्या पाच मिनिटं आधी मेसेज आला. विमान रद्द. पुढची जागा दहा दिवसांनी, शनिवारी.

मुंबईत तिचं कोणी नव्हतं. तिनं दोन्ही बॅगा ओढत शेगावला उतरवल्या आणि एसटी धरली. घराच्या फाटकाशी ती आली तेव्हा तिला जाऊन पुरते तीन तासही झाले नव्हते. केशरबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांच्या एका हातात आलूबोंडा होता, दुसऱ्या हातात मिरची.

"माय वं," केशरबाई म्हणाल्या. मग हातातल्या आलूबोंड्याकडे पाहून ओशाळल्या. "रडलं की भूक लागते बाई. ये, तूही खाय."

निगोरानं सगळं सांगितलं. केशरबाईंना आनंद झाला, पण तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. खोलीचं दार उघडलं तर आत तुरीची सहा पोती. तीन तासांत.

"गावाकडून आली," शेषराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "त्यायले जागाच नोती."

निगोरा त्या पोत्यांच्या मधोमध चटई टाकून झोपली.

सकाळी तिनं सबीहाला फोन केला.

"पोचली का?" सबीहा म्हणाली. "ताश्कंदहून आवाज किती साफ येऊन राहिला."

"मी अकोल्यातच आहे. गोरक्षण रोडवर, खोलीवर."

सबीहानं निरोप समारंभात तिच्यावर चोवीस ओळींची कविता वाचली होती, आणि शेवटच्या ओळीला तिला स्वतःलाच हुंदका आला होता. "मग सायकल आणून देऊ का?" तिनं हळूच विचारलं.

विभागप्रमुखांनी त्याच समारंभात ‘या मुलीची उणीव आम्हाला कायम जाणवत राहील’ असं सांगितलं होतं. ते भाजी बाजारात भेटले. उणीव जाणवायला अजून सुरुवात झालेली नसावी. "काय, आज लॅबमध्ये नाहीस?" एवढं विचारून ते दोडके निवडू लागले.

निगोराला आता बाहेर पडायचीच लाज वाटू लागली. निरोप घेतलेल्या माणसानं असं गावात दिसावं, हे काही बरं नव्हतं. पण आत राहावं तर पंखा चुलीसारखी हवा फेकत होता. त्यात शनिवारी शेषरावांच्या घरच्या कूलरची मोटार जळाली. मिस्त्री म्हणाला, आठ दिवस तरी लागतील.

"नत्थुजीले मांग ना आपला कूलर," केशरबाई म्हणाल्या. "पाच-सहा दिवसाचा तं प्रश्न हाये."

"दिलेलं परत कसं मागू?"

"हे बी खरं हाये."

तिकडे नत्थुजींची अवस्था निराळी नव्हती. ती दिसली की ते दार लावून घेत. अंगणात कपडे वाळत घालायला ते आता पहाटेच येत. निगोराला वाटलं, कूलर परत मागेन म्हणून घाबरले असतील. मग तीही मागच्या बोळानं जाऊ लागली. दोन दिवस दोघं एकमेकांना चुकवत होते.

सोमवारी दुपारी मात्र नत्थुजी फाटकापाशी येऊन उभे राहिले. त्यांची मान खाली होती.

"कूलर देता येत नाई," ते म्हणाले. "तू तिकडं स्टेशनवर गेली अन् मी गवंडी बोलावला. खिडकीत सिमेंट लावून पक्का बसवला. आता काढाचा म्हटलं तं भिंत फोडा लागते."

"राहू द्या काका. मी मागत नाही."

"तू नाई मागत, पण मले झोप येऊन नाई राहिली ना." त्यांनी घसा साफ केला. "कूलर येत नाई तं तू येजो. दुपारची. केशरबाईलेही आन."

म्हणून निगोरा आपल्याच कूलरसमोर पाहुणी म्हणून बसायला गेली. केशरबाई निवडायची डाळ घेऊन आल्या. दुसऱ्या दिवसापासून कौशल्या काम आटोपून तिथंच टेकू लागली. शेषराव वर्तमानपत्र घेऊन यायचे आणि ते तोंडावर घेऊन झोपायचे. न बोलणारे नत्थुजी बोलू लागले. अकोला ते अकोटचे सगळे थांबे त्यांना पाठ होते. कोणत्या थांब्यावर कोणाची सासू रुसून उतरली, कोणाचा बोकड तिकीट न काढता बसला, तेही. सांगता सांगता मध्येच थांबून ते निगोराला विचारत, "समजून राहिलं ना तुले?" नाही समजलं तर पुन्हा पहिल्या थांब्यापासून सुरुवात.

वर्षभर ती याच कूलरसमोर बसली होती; दार लावून, शब्दकोश उघडून. कापसाच्या धाग्याची लांबी ती मिलिमीटरमध्ये सांगू शकत होती. कौशल्याला तीन मुली आहेत आणि धाकटी पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावते, हे तिला बुधवारी कळलं. शुक्रवारी तिची गाडी होती.

शुक्रवारी कोणाकडे द्यायला काही उरलं नव्हतं.

"ओटी काय दोनदा भरतात?" केशरबाई म्हणाल्या. "मागचंच रडणं धरजो."

स्टेशनवर शेषरावांनी तिला स्कूटरवर सोडलं. बॅगा डब्यात चढवल्या आणि गाडी सुटायची वाटही न पाहता ते निघाले. "मेसेज आला तं सांगजो. मी शेगावले घ्याले येतो."

शेगावला नत्थुजींचा फोन आला. "आला का मेसेज?"

"नाही काका."

नांदुऱ्याला पुन्हा आला. मलकापूरला पुन्हा. थांब्यांच्या वेळा त्यांना अचूक ठाऊक होत्या. निगोराच्या लक्षात आलं, की फोन वाजायच्या आधीच आपण तो हातात घेऊन बसलेलो असतो, आणि मेसेज नाही हे पाहून आपल्यालाच वाईट वाटतं.

भुसावळला त्याच फोनवर केशरबाईंचा आवाज आला. "काहून वं? काईच नाई?"

"नाही. विमान वेळेवर आहे."

"म्हंजे खरंच चालली का तू?"

"हो."

"मी तुह्या नावाच्या दोन भाकरी टाकल्या होत्या ना."

गाडी हलली.

"बरं," केशरबाई म्हणाल्या. "ठेवतो मंग."

पण त्यांनी फोन ठेवला नाही. निगोरानंही ठेवला नाही. जळगाव येईपर्यंत तिला नत्थुजींच्या घरातली दुपार ऐकू येत होती. कोणाच्या तरी हातून ताट पडलं, शेषराव जागे झाले, आणि केशरबाई कौशल्याला म्हणाल्या, "हळू ना, पोट्टी फोनवर हाये."