पिस्ता रंगाची भिंत

ही २०२२ सालची गोष्ट. लोकांनी तोंडावरचे मास्क खिशात ठेवले होते, पण टाकून द्यायचा धीर अजून होत नव्हता. त्या वर्षी तनुजाने हिंजवडीतली चांगली नोकरी सोडली आणि सिनेमा लिहायला घेतला. घरच्यांनी कपाळाला हात लावला. तिची कुमुदआत्या तेवढी म्हणाली की लिहू दे, इतकी वर्षं दुसऱ्यांची कामं केली, आता स्वतःचं करतेय.

आत्या राहायची सदाशिव पेठेत, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. तनुजाचा सिनेमा आत्याच्याच स्वयंपाकघरावर होता. एक नवरा, एक बायको आणि एका ओट्याभोवती गेलेला त्यांचा संसार. पटकथेचा पहिला खर्डा झाला, दुसरा झाला, बघता बघता सहावा झाला. प्रत्येक खर्ड्यात ती दोघं जास्तच गप्प होत गेली, कारण चांगल्या सिनेमात माणसं कमी बोलतात असं तनुजाला कुणीतरी सांगितलं होतं. आत्याचे यजमान बाळकाका प्रत्येक खर्डा चष्मा लावून वाचायचे आणि परत देताना म्हणायचे, "छान आहे. झोप शांत लागली."

निर्माता मिळत नव्हता. शेवटी उत्तरेश्वर भेटला. बार्शीकडचा माणूस, लग्नाच्या मांडवांचा मोठा व्यवसाय आणि सिनेमाची हौस. खर्डा त्याने चाळून बाजूला ठेवला होता. पण तनुजाचा कॅमेरावाला मित्र खालिद याने आत्याच्या स्वयंपाकघराचे फोटो पुढे केले. त्यात गॅसच्या वरची भिंत होती. आधी स्टोव्हच्या धुराने आणि मग वर्षानुवर्षांच्या फोडण्यांनी काळीतपकिरी झालेली, कडेकडेला फिकट होत गेलेली. उत्तरेश्वर त्या फोटोकडे बघतच राहिला.

"ही भिंत खरी हाय का?" त्याने विचारलं. "खरी असंल तर पिक्चर करू. रविवारी येऊन बघतो. नसंल, तर माझ्याकडं दुसरा एक विषय आलाय."

तनुजाने लगेच आत्याला फोन केला. रविवारी मंडळी घर बघायला येतायत, तू काही म्हणजे काही करू नकोस, असं तिने एकदा नाही, दोनदा बजावलं.

आता, 'काही करू नका' हे आत्याच्या जगात पाहुण्याने म्हणायचंच असतं. ते ऐकून खरोखर काही न करणारी बाई तिला उभ्या जन्मात भेटली नव्हती. पाहुणे चहा नको म्हणाले की ती पोहे भिजवायची, नुसता चहा म्हणाले की शिरा करायची. इथे तर सिनेमावाले येणार होते, आणि तनुजाने दोनदा बजावलं होतं. अर्थ उघड होता. आत्याने शंभू पेंटरला बोलावून घेतलं.

"माझ्या साठीला म्हटलं होतं रंग काढू," बाळकाका पेपरामागून म्हणाले. "तेव्हा म्हणालीस, कोण बघतंय."

"तेव्हा कोणी बघत नव्हतं," आत्या म्हणाली.

शंभूने भिंत खरवडली, लांबी भरून गुळगुळीत केली आणि पिस्ता रंगाचे दोन हात मारले. धुता येतो, डाग धरत नाही, अशी खात्रीही दिली.

रविवारी सकाळी तनुजा आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. भिंत हिरवीगार हसत होती. आत्याने स्वच्छ ओटा उगाच पदराने पुसला आणि कसं दिसतंय म्हणून विचारलं. तनुजाला छान म्हणता येईना आणि रडताही येईना. ती तिथेच पाटावर बसली आणि तिने हळूहळू सगळं सांगितलं.

"म्हणजे ते काळी भिंत बघायला येणार होते?" आत्या म्हणाली. "अगं, ती कुणाला दिसू नये म्हणून मी इतकी वर्षं तिथे कॅलेंडर लावत आले. खालिदने फोटोसाठी ते काढलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं."

मंडळी बाराला येणार असं कळल्यावर तिने पदर खोचला.

आधी शंभूला बोलावलं. भिंत पुन्हा काळी करून मागितल्यावर तो फार दुखावला. उद्या लोक विचारतील हे कुणी रंगवलं, तर काय सांगायचं, असं म्हणून तो चहा न घेता निघून गेला. मग आत्याने गॅसवर मोठी कढई चढवली आणि फोडण्या करायला सुरुवात केली. मोहरी, हिंग, सुक्या मिरच्या. एक जळली की दुसरी. सगळी इमारत खोकायला लागली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, जेवायला आत्ताच यायचं की आधी अग्निशामक दल येऊ द्यायचं. भिंतीवर मात्र डागही उठेना. शंभूची खात्री खरी होती.

तेव्हा बाळकाका उठले. देवघरातलं निरांजन त्यांनी पेटवलं, स्टुलावर चढले आणि ज्योत भिंतीला लावून काजळी धरायला लागले.

"तिकडे नको, डावीकडे," आत्या म्हणाली.

"स्वयंपाकघरात पहिल्यांदा काम दिलंस, ते तरी धड सांग."

"पहिल्यांदा आलात, म्हणून तर सांगावं लागतंय. पडलात तर मी उचलणार नाही हं."

असं म्हणत तिने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून ठेवलं होतं.

दारात उत्तरेश्वर नाकाला रुमाल लावून उभा होता. त्याच्या मागे खालिद होता. ते कधी आले, कुणालाच कळलं नव्हतं.

आत्याने स्टूल सोडलं नाही. तिथूनच म्हणाली, "तिला काही बोलू नका. तिने बजावलं होतं, मीच ऐकलं नाही. माणसं येणार आणि घर तसंच कसं ठेवायचं हो?"

उत्तरेश्वरने नाकावरचा रुमाल काढला. "माझी सोयरीक ठरवायला पाव्हणे येणार होते, तवा आईनं सगळं घर सारवलं. ओल्या सारवणावरनं मुलीचा बाप घसरला. सोयरीक मोडली." मग तो तनुजाकडे वळला. "मॅडम, तुमच्या कागदावरची दोघं बोलतच नाहीत. ही बघा कशी बोलत्यात. भिंत राहू द्या. हे लिहा."

तनुजाने सातवा खर्डा लिहिला. पुढच्या वर्षी त्याचं शूटिंग झालं, त्याच स्वयंपाकघरात.

उत्तरेश्वर अजून मांडव घालतो आणि अधूनमधून फोन करून तनुजाला पुढचं काय म्हणून विचारतो. खालिद मुंबईला गेला, पण ईदला आत्याकडे शीरखुर्म्याचा डबा न चुकता पोचतो. काजळी धरायच्या प्रसंगात शंभूला प्रत्येक टेकनंतर भिंत पुन्हा पिस्ता करावी लागली. पडद्यावर त्याचं नाव आलं तेव्हा त्याच्या घरच्यांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की पुढची नावं कुणाला वाचताच आली नाहीत. तनुजा आठवड्यातले काही दिवस पुन्हा हिंजवडीला जाते आणि कंपनीच्या बसमध्ये दुसरी पटकथा लिहिते.

आत्याचं काम आत्यानेच केलं. बाळकाकांचं मात्र कॅमेऱ्यापुढे तोंडच उघडलं नाही, म्हणून त्यांच्या जागी एक नट घ्यावा लागला. सिनेमात तो सकाळी उठून बायकोला चहा करून देतो. बाळकाका थिएटरमधून घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. जिना चढताना एवढंच म्हणाले, "त्यात काय मोठंसं."

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा ते करतात. त्यात साखर फार असते आणि आल्याचा पत्ता नसतो. आत्या तो बशीत ओतून, फुंकर घालत, सावकाश पिते. अजून तरी तिने त्यात एकही खोट काढलेली नाही.